अर्धं ब्लेड

नायना दाढीला ब्लेडची एकच बाजू वापरतात.
दुसरी माझी.
ती तेलुगू पेपरच्या तुकड्यात गुंडाळून
ते सकाळी मायक्रोस्कोपशेजारी ठेवून जातात.

उन्हाळीचा देठ गाजराच्या फटीत उभा धरायचा,
श्वास सोडून, एकाच ओढीत पातं सरकवायचं.
शंभरातले नव्वद काप जाड येतात.
उरलेले बशीतल्या पाण्यात तरंगतात,
सॅफ्रनिनचा थेंब पडला की
जलवाहिन्या लाल होऊन वर येतात,
आणि पूर्व भागातल्या आमच्या गच्चीवर
आरशातून सोलापूरचं ऊन
त्या लालाच्या आरपार जातं.
दिव्याची गरज इथे कुणाला.

नान्नजच्या माळावर लोक पक्षी शोधायला येतात.
मी दोन वर्षं खाली मान घालून चालले.
वनमजूर सायबण्णा रोज विचारायचा,
"बाई, काय पडलंय तुमचं?"
तळ्यापलीकडच्या मुरमाड तुकड्यावर
मला ती सापडली: तशीच उन्हाळी,
तसंच जांभळं फूल, दहा पुंकेसर,
नऊ एकमेकांना धरून, दहावा बुडाशी सुटा.
पण पान गुळगुळीत. लव नाही.
पुस्तकातल्या किल्लीत तिला दार नव्हतं.
"पानं लवदार" म्हणून पुढे जाता येईना,
मागे फिरून दुसरी वाट धरावी तर
ती भलत्याच कुळात नेऊन सोडायची.

तेव्हा मी वहीच्या शेवटच्या पानावर
पेन्सिलीनं एक नाव लिहून पाहिलं,
पोशेट्टी, त्याला लॅटिन शेपूट लावून.
विचित्र दिसलं. छान दिसलं.
जीभ दातांत धरून पान मिटलं.

नायनांनी एक्केचाळीस वर्षं चादरी विणल्या.
कान मागाला देऊन आले, डोळे घरी आणले.
एका रविवारी गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या हलवायला आले
आणि म्हणाले, "बघू."
आधी चुकीचा डोळा मिटला. मग बरोबर.
लवदार देठाचा काप पाहिला,
गुळगुळीत देठाचा पाहिला,
परत पहिला मागितला.
बोटं मांडीवर काहीतरी मोजत होती.

"ताणा एकच आहे," ते म्हणाले.
बहिरी माणसं बोलतात तसं, मोठ्यानं.
"ह्या थानाला खळ लागलीय, त्याला नाही. माल तोच."

मला राग आला. खोटं कशाला सांगू.
वनस्पतिशास्त्रातली पदवी कुणाची, म्हणणार होते.
त्याऐवजी बोरामणीला गेले, हिप्परग्याला गेले,
मालधक्क्याच्या कुंपणाखालून उपटून आणली,
मोडक्या मागाची लोखंडी वजनं ठेवून दाबली,
आणि चाळीस नवे काप घेतले.
लव दाट, लव विरळ, लव फक्त शिरेवर,
लव फक्त कोवळ्या पानाच्या कडेला,
मग काहीच नाही.
आत मात्र प्रत्येकीत तेच वर्तुळ,
त्याच गाठी, त्याच अंतरानं.
मधे कुठे रेघ ओढावी,
तशी जागाच झाडानं ठेवली नव्हती.

शीटच्या कोपऱ्यात निश्चितीची चिठ्ठी चिकटवली.
जुनंच नाव, माझी सही, तारीख.
वहीतलं नाव खोडलं. खोडरबरानं कागद किंचित फाटला.
ते नाव कुणाचं होतं
हे नायनांना सांगितलेलं नाही.

संध्याकाळी मिरच्या गोळा करताना त्यांनी विचारलं,
"मग? काय निघालं?"
मी ओरडून सांगितलं, "तीच!"
"काय?"
"तीच निघाली, नायना! तीच!"

पलीकडच्या गच्चीवरून यल्लुबाई डोकावल्या.
"कोण गं निघाली?"
"उन्हाळी," मी म्हटलं.
"हो ना बाई," त्या पदरानं वारा घेत म्हणाल्या,
"यंदा फारच."